कडेचे टाके

शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला कोंबड्यांचं एक बंद पडलेलं शेड होतं. आमच्या साहेबांनी ते भाड्यानं घेतलं, खाली फरशी घातली, जाळ्यांच्या जागी काचा बसवल्या आणि आत सोलर पॅनल बनवायला सुरुवात केली. हवा दमट झाली की भिंतींतून अजून कोंबड्यांचा वास यायचा. मी तिथं दोन वर्षं काम केलं. दोन हजार पाच-सहाचा तो काळ, लोडशेडिंगचा.

मी तेवीस वर्षांची होते आणि नवऱ्याच्या घरून परत आलेली होते. तिकडं काय होत होतं ते मी इथं लिहिणार नाही. तळेगाव ढमढेऱ्याला भावाच्या घरी राहायचे. भावाचा फ्लॉवर-कोबीचा मळा होता, पहाटेपासून दोघं नवराबायको त्यात राबायचे. भाऊ वाईट नव्हता. पण त्याला दोन मुली होत्या, आणि परत आलेली आत्या घरात असली की उद्या त्यांना स्थळं यायची नाहीत असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"काम हाय तवर ऱ्हा," तो मला म्हणाला होता. "काम सुटलं की मी तुला तिकडं पोचवनार. त्यांचा सारखा निरोप येतोय."

हे तो ओरडून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो कोबीच्या गड्ड्यांची वरची पानं काढत, मान खाली घालून म्हणाला. त्यामुळं मला कळलं, की तो खरंच पोचवणार.

पाबळला मी सहा महिने वायरिंगचं शिकले होते, त्या जोरावर साहेबांनी मला घेतलं. साहेब इंजिनिअर होते, पन्नाशीचे. बाहेरची नोकरी सोडून ते या उद्योगात पडले होते. बोलायला शांत, पण हाताची नखं कुरतडलेली. आम्ही कामाला सहाजण होतो. सेलवर टाके घालायचं काम मात्र दोघींचंच, मी आणि आक्का.

सेल म्हणजे निळसर काळी चकती, पापडासारखी पातळ आणि पापडासारखीच मोडणारी. ती बाहेरच्या देशातून खोक्यांत भरून यायची. लहान पॅनलसाठी तिचे तुकडे करायचे. एका पॅनलमध्ये छत्तीस तुकडे, नऊ-नऊच्या चार ओळी. एका तुकड्याची चपटी तार दुसऱ्याला जोडायची, त्या जोडाला साहेब सोल्डरिंग म्हणायचे, आम्ही टाका म्हणायचो. ओळीतले टाके आक्का घालायची. चारही ओळी कडेला रुंद पट्टीनं एकमेकींना जोडायच्या, ते कडेचे टाके माझे. नंतर काच, चिकट पातळ थर, मागचं पांढरं प्लॅस्टिक असं सगळं एकत्र गरम यंत्रात दाबलं जायचं. एकदा दाबलं की आतला टाका पुन्हा दिसत नाही. आणि ओळी एकामागे एक जोडलेल्या असल्यामुळं त्यातला एक टाका जरी सुटला तरी अख्खं पॅनल मुकं.

आक्का माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. धनगराची लेक, निमोण्याला दिलेली. माहेर दौंडच्या जिरायत पट्ट्यात, पाटसच्या पुढं आत माळावरच्या वस्तीवर. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत गेलेली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण हात असा, की साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे. तिनं सहा-सहा तास मान वाकवून टाके घातले तरी एक सेल तडकायचा नाही. मला तिनंच शिकवलं. ओल्या स्पंजावर आयर्नचं, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सळईचं, टोक टेकवायचं, चर्र वाजलं तरच सेलला लावायचं.

"वाजलं न्हाई तर ठिवून द्यायचं," ती म्हणायची. "थंड टोकानं टाका धरल्यागत दिसतो, पर धरत न्हाई."

डबा आम्ही एकत्र खायचो. घरचं सगळं मी तिलाच सांगितलं होतं. भाऊ काय म्हणाला तेही.

त्या वर्षी दिवाळीनंतर दौंडच्या त्या पट्ट्यातल्या पाच वस्त्यांवर घरटी एक दिवा द्यायचं काम साहेबांना मिळालं. विजेचे खांब तिथवर पोचले नव्हते. घरावर पॅनल, आत बॅटरी आणि एक ट्यूब. आधी एका वस्तीवर चोवीस घरांत लावून दाखवायचं. ते नीट चाललं, तर बाकीच्या चार वस्त्या आपल्या. आणि ती पहिली वस्ती निघाली आक्काच्या माहेरची.

आक्का इतकी खूश झालेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही. वस्तीवरच्या लोकांना आधी हे नकोच होतं. फसवून अंगठे घेतील आणि जमिनी जातील असं त्यांना वाटत होतं. आक्काच्या बापानं, आबांनी, घरोघरी जाऊन सांगितलं, माझ्या लेकीच्या हातचं हाय, घ्या. ते एकदा शेडवर येऊनही गेले. कमरेला धोतर, खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. तयार पॅनलवर त्यांनी तळवा ठेवला आणि तसाच बराच वेळ राहू दिला.

"ऊन ह्याच्यात जातं व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"जातं, आबा."

"आन् कमी पडत न्हाई?"

"तुमच्याकडं कशाला कमी पडेल?" मी म्हणाले आणि ते हसले.

उद्घाटनाला कोणी मोठा माणूस यायचा होता, त्याची तारीख अचानक अलीकडं आली. आमची नऊ पॅनल व्हायची होती, आणि हातात चार दिवस. आमचं शेड गावाच्या लाइनवर होतं. सकाळी सात-आठ तास वीज नसायची आणि आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. उसाला, कांद्याला, सगळ्यांना त्याच वेळी पाणी द्यायचं असायचं. बल्ब लालसर होऊन बसायचे. आमच्या आयर्नचं टोक कोमट. दाबायच्या यंत्रासाठी साहेबांनी जनरेटर आणला होता, तो यंत्रालाच कसाबसा पुरायचा.

साहेब टेबलाजवळ येऊन उभे राहायचे. "आज दोन तरी होतील?" असं विचारायचे आणि उत्तर न ऐकता परत जायचे. तिसऱ्या दिवशी ते आमच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हे हुकलं तर शेड बंद करावं लागेल. तुमच्यापासून लपवून काय करू?"

आक्का व्होल्टेज यायची वाट बघायची. टोक स्पंजावर टेकवायची, वाजलं नाही की ठेवून द्यायची आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसायची. तिच्या ओळी मोटारी बंद झाल्यावर संध्याकाळी व्हायच्या. त्या माझ्याकडं यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा मोटारी चालू असताना, आणि वाट बघायला माझ्यासाठी वेळच उरायचा नाही.

मी थांबले नाही. स्पंजावर टोक टेकवणंच सोडून दिलं. कोमट आयर्न दाबून धरायचे, टाका धरायला लावतात ते फ्लक्स जास्त लावायचे, टाका बसला असं दिसलं की पुढचा घ्यायचे. माझ्या डोक्यात फक्त एकच होतं, शिक्रापूरच्या चौकात भाऊ माझी पिशवी हातात घेऊन उभा आहे आणि पलीकडून नवऱ्याच्या गावाची जीप येते आहे. हे चित्र दिवसभर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "वाजतंय का गं तुझं?"

"वाजतंय," मी म्हणाले.

नऊच्या नऊ पॅनल वेळेत झाली. साहेबांनी प्रत्येक उन्हात ठेवून मीटर लावून तपासलं. मीटरनं बरोबर आकडा दाखवला, कारण तार पट्टीला टेकलेली होती. फक्त धरलेली नव्हती. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि खाल्लाही.

वस्तीवर दिवे लागले. आधी झालेल्या पंधरांना काही झालं नाही. होळी उलटली, ऊन तापायला लागलं आणि बाकीची पॅनल आजारी पडू लागली. सकाळी बॅटरी थोडी भरायची, दुपारी पॅनल तापलं की आतली तार उचलली जायची आणि सगळं बंद. महिनाभरात नऊही गेली. त्यांतलं एक आबांचं होतं. आबांनी ट्यूब घरात न लावता मेंढरांच्या वाड्यावर लावली होती, कारण त्या माळावर लांडगे आहेत आणि लांडगा उजेडाला बिचकतो. दिवा लागायला लागल्यापासून त्यांनी वाड्याजवळ जागायचं सोडलं होतं, वय झालं होतं. दिवा बंद पडला त्या आठवड्यात दिवेलागणीलाच लांडगे आले आणि पाच कोकरं गेली.

ही बातमी आक्काच्या भावानं शिरूरला येऊन सांगितली. आक्का टेबलाशी बसली होती. तिनं आयर्न स्टँडवर ठेवलं आणि विचारलं, "कुणाकुणाची बंद हायेत?" भावानं घरं मोजली. दुपारी तिनं डबा उघडला नाही.

नवी पॅनल द्यायला साहेबांकडं पुरेसे सेल उरले नव्हते, पुढचं खोकं यायला महिने लागणार होते. तपासणीला अधिकारी यायचे होते, आठवडाभरात. साहेब म्हणाले, "उघडून बघू. दुसरं करण्यासारखं काही नाही." वस्तीवर वीज नाही, भाड्याचा जनरेटर कधीच परत गेला होता, तर आयर्न चालणार कशावर? मग शिरूरमधल्या डब्यांना डाख देणाऱ्या कारागिराकडून मी तांब्याचं टोक असलेल्या दोन सळया मागून आणल्या. चुलीत तापवायच्या आणि वापरायच्या.

साहेब, आक्का आणि मी, तिघं सकाळी जीपनं निघालो. न्हावरा, मग भीमा ओलांडून चौफुला, पाटस, तिथून आत कच्च्या रस्त्यानं. माळ पिवळा पडला होता. मी स्वतःला समजावत होते, की आधी खोक्यातले सेलच खराब आले असतील. उष्णतेनं प्लॅस्टिक सुटलं असेल. काहीही असेल.

आबांच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरली. बायका, म्हातारी माणसं, सगळी वस्ती भोवती येऊन बसली. आबांचं पॅनल आधी उतरवलं. साहेबांनी मीटर लावलं तर काटा हलेना. त्यांनी पॅनल पालथं केलं आणि म्हणाले, "कडेपासून बघू, कडेला खाली सेल नसतो, फुटायची भीती नाही." ब्लेडनं पांढऱ्या प्लॅस्टिकला चीर दिली. आतला चिकट थर आक्का सुरीच्या टोकानं हळूहळू खरवडत होती. पट्टी उघडी पडली. आक्कानं तारेच्या टोकाखाली नख घातलं, आणि तार अलगद वर आली. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी.

साहेबांनी चष्मा वर केला. "कच्चा टाका," ते म्हणाले. "हा कोणी घातला?"

शेवटच्या दिवसांत घाईत कोणी काय केलं याची नोंद नव्हती, कधीकधी कडेचे टाके आक्काही घालायची. त्यामुळं साहेबांना खरंच माहीत नव्हतं. पण आक्काला कळलं. मी डावखुरी आहे. आयर्न उचलताना माझ्या टाक्याची शेपटी डावीकडं ओढली जाते, तिची उजवीकडं. पट्टीवर ती शेपटी स्वच्छ दिसत होती. आक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडं. चेहऱ्याकडं नाही पाहिलं.

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. आवाज आला नाही.

"माझा हाय," आक्का म्हणाली.

आबा खाटेच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, "घाई केलीस व्हय?"

"व्हय, आबा."

"मी घरोघर सांगत फिरलो, लेकीच्या हातचं हाय म्हनून."

"व्हय."

आबा उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि वाड्याकडं निघून गेले. आम्ही असेपर्यंत ते परत आले नाहीत.

मग आम्ही काम केलं. आक्कानं चुलीशी बसून सळई तापवायची, पळत आणून मला द्यायची, मी टाका घालायचा. सळई दहा-बारा श्वासांत थंड व्हायची, तेवढ्यात साधलं तर साधलं. ऊन वर चढलं, चुलीची धग, माझ्या हाताला घाम. प्रत्येक पॅनलची कड उघडली की तेच दिसायचं, डावीकडं ओढलेली शेपटी, नखानं उचलणारी तार. नऊ वेळा. प्रत्येक वेळी आक्का ते बघायची आणि सळई माझ्या हातात द्यायची. "धर" एवढंच म्हणायची. साहेब प्रत्येक पॅनल उन्हात धरून मीटरकडं बघायचे आणि काटा हलला की त्यांच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज यायचा.

सहा चालू झाली. तीन फुटली. दोन माझ्या हातून, एक कड उघडतानाच. आबांचं त्या फुटलेल्यांत होतं. गरम टोक घसरलं आणि शेजारच्या सेलमधून बारीक तडा आरपार गेला. आक्कानं तो तडा बोटानं चाचपला. मी रडायला लागले तर ती खालच्या आवाजात म्हणाली, "हितं रडू नकोस. माझ्या माहेरी तमाशा नगं."

निघताना तिच्या भावजयीनं आम्हा दोघींना कुंकू लावलं. आक्कानं वाड्याकडं दोनदा वळून पाहिलं. परतीच्या जीपमध्ये साहेब पुढं बसले होते, आम्ही मागं. चौफुल्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. चौफुल्याला साहेब चहाला उतरले तेव्हा मी म्हणाले, "आक्का, मी साहेबांना सांगते."

"आन् भावाला काय सांगशील?" ती म्हणाली. "काम का सुटलं म्हनून?"

साहेब चहा घेऊन परत आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या बाईनं मला वाट काढून दिली आणि मी तिच्यावरून गेले, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याचाही उपयोग झाला नाही. अधिकारी आले, फुटलेली तीन पॅनल त्यांनी मोजली, बाकीच्या चार वस्त्यांचं काम दुसरीकडं गेलं. साहेबांनी पावसाळ्यापर्यंत कसंबसं ओढलं. मग एके दिवशी यंत्र टेम्पोत चढवलं. टेम्पो गेल्यावर ते रिकाम्या शेडमध्ये फरशीवर उकिडवे बसले होते आणि आम्ही सहाजण दारात उभे होतो, आत जावं की जाऊ नये हे कळत नव्हतं. आक्कानं जाऊन त्यांना पाणी दिलं.

भावानं शब्द पाळला. आठवड्याच्या आत मला पोचवलं. तिथं मी अकरा महिने काढले. मग एका सकाळी कुणाला न सांगता एसटीत बसले, ती परत न जाण्यासाठी. या वेळी भावाकडं गेले नाही. रांजणगावला कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले, तीन मुलींबरोबर खोली घेतली. तिथल्या बिहारकडच्या मुली मला दीदी म्हणायच्या. टाके चांगले घालते म्हणून सुपरवायझर नव्या पोरींना माझ्याकडं शिकायला बसवायचा. मी त्यांना सांगायचे, वाजलं नाही तर ठेवून द्या.

आक्का पुन्हा भेटली ती तळेगावच्या आठवडे बाजारात, तीनेक वर्षांनी. ती मिरची निवडत होती. केस पांढरे झाले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं, कशी हायस विचारलं. मी बाजाराच्या गर्दीतच बोलून टाकलं, टाके माझे होते, माझं वाजत नव्हतं, मी खोटं बोलले, सगळं.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली.

"मग तुम्ही का म्हणालात?"

तिनं मिरची तराजूत टाकली. "तवा वाटलं, आबा माझा बाप हाय, चार दिस रागवंल, मग बोलंल. तुला तर धाडनारच व्हते." "पर न्हाई बोलला. गेल्या साली गेला. शेवटाला मी उशाशी बसले तर तोंड भिताडाकडं केलं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो पिशवीत घातला, मिरचीच्या पुडीबरोबर. "येते," म्हणाली आणि जीपकडं गेली.

पुढच्या सुट्टीला मी एकटी त्या वस्तीवर गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. तिथं आता विजेचे खांब आले होते, तारा ओढायच्या बाकी होत्या. दोन-तीन घरांवर पॅनल अजून होती आणि लोक त्यांवर मोबाइल चार्ज करत होते. आक्काचा भाऊ अंगणात बाजरी वाळवत होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळख सांगितली आणि उभ्या उभ्याच ते सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं हातातलं फावडं थांबवलं.

"आक्काला म्हाईत हाय?" त्यानं शेवटी विचारलं.

"आहे."

"मंग आमाला सांगून काय करता, बाई? ज्याला सांगायचं त्यो गेला." मग आत वळून त्यानं बायकोला हाक मारली, पाहुणीला पाणी दे म्हणून.

मी पाणी प्याले. लोटा परत दिला. दुपारची जीप चारला होती, तोवर मी त्या लिंबाखाली बसून राहिले आणि तो बाजरी पसरत राहिला.